पन्नास हजारांमागे एक दवाखाना, पण तो नेमका कुठे?

नागपुरात एखाद्या समाजभवनाला नवा रंग लागतो, दारावर आरोग्य केंद्राचा फलक चढतो, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोखालच्या चार ओळींत खर्च असतो, पाहुण्यांची नावं असतात. हा दवाखाना इथेच का, दोन चौक पुढे किंवा रुळांच्या पलीकडे का नाही, एवढं मात्र त्यात लिहिलेलं नसतं.

खरं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं: तिथे महापालिकेची जागा रिकामी होती. यात कुणाचं पाप नाही. शहरात जागा मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. पण दवाखाना कुठे असावा हे संगणकावरच्या नकाशावरून ठरवायची एक शास्त्रशुद्ध रीत आहे आणि ती आता पूर्वीइतकी महागही राहिलेली नाही. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होते आहे. लोकसंख्येचे आकडे बदलले की केंद्रांची मागणीही नव्यानं मांडली जाणार. तेव्हा ही रीत आत्ताच समजून घेतलेली बरी.

## पन्नास हजारांचा हिशेब

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झालं. त्याचा मूळ निकष असा: साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे डॉक्टर, साध्या तपासण्या, औषधं, लसीकरण आणि गरोदर बायकांची नोंदणी. त्याखाली १०,००० लोकांमागे एक एएनएम, म्हणजे आपली नर्सताई, आणि दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा. पुढे पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून १५ ते २० हजारांमागे एक अशी आणखी लहान केंद्रं आली. महाराष्ट्रात १ मे २०२३ पासून 'आपला दवाखाना' ही त्याच लहान केंद्रांच्या पंगतीत बसला.

आता नागपूर महापालिकेचा हिशेब घ्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. पन्नास हजारांनी भागलं की ४८ केंद्रं येतात. शहराचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला पावणेपाच चौरस किलोमीटरांच्या आत-बाहेर. वर्तुळ काढलं तर त्रिज्या भरते सव्वा किलोमीटरच्या जवळपास. कागदावर प्रत्येक नागपूरकर दवाखान्यापासून सव्वा किलोमीटरच्या आत आला. काम झालं.

पण शहर सरासरीत राहत नाही. मोमिनपुरा, इतवारी, गांधीबागकडची जुनी पेठ घ्या. अशा दाट भागात चौरस किलोमीटरला पन्नास हजार माणसं असतील, तर एक केंद्र एका चौरस किलोमीटरातच भरून जातं. उलट शहराच्या कडेला चौरस किलोमीटरला चार हजार माणसं असतील, तर पन्नास हजारांची भरती व्हायला साडेबारा चौरस किलोमीटर लागतात, आणि टोकाच्या माणसाला सरळ रेषेतच दोन किलोमीटर पडतात. निकष दोन्हीकडे पूर्ण. आकडा केंद्रांची संख्या सांगतो, पोहोच सांगत नाही.

आणखी एक मेख. हुडकेश्वर-नरसाळा हा भाग महापालिकेच्या हद्दीत आला तो २०११ ची मोजणी झाल्यानंतर. दिघोरी, वाठोडा, मानेवाडा या बाजूंना त्यानंतर किती लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती, पडले हे तिथून रोज जाणाऱ्याला सांगायला नको. जुन्या आकड्यांवर मांडलेला दवाखाना नेमका तिथेच कमी पडतो जिथे शहर वाढतंय.

## एकावर एक ठेवलेले थर

जागा ठरवायच्या त्या शास्त्रशुद्ध रीतीचं नाव जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड, काम सोपं. प्रत्येक माहिती तिच्या जागेला बांधून ठेवायची आणि एकाच जागेबद्दलच्या वेगवेगळ्या माहित्या एकमेकींवर ठेवून पाहायच्या. एक थर रस्त्यांचा, एक वस्त्यांच्या हद्दींचा, एक नदी-नाल्यांचा, एक लोहमार्गांचा, एक दवाखान्यांचा. मग संगणकाला विचारता येतं: ज्या वस्त्यांतून पंधरा मिनिटं चालून एकही सरकारी दवाखाना गाठता येत नाही आणि जिथे पाच वर्षांखालची मुलं जास्त आहेत, त्या दाखव. कागदी फायलींना हा प्रश्न विचारला तर दहा झोनमध्ये दहा पत्रं जातील.

संगणक नव्हते तेव्हाही हे झालेलं आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली. जॉन स्नो या डॉक्टरनं मृत्यू कुठल्या घरांत झाले ते नकाशावर मांडलं, आणि खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटल्या. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला त्यातला पुढचा भाग जास्त कामाचा वाटतो. नंतरच्या नकाशात स्नोनं एक तुटक रेषा काढली. या रेषेच्या आतल्या लोकांना रस्त्यानं चालत जाताना तो पंप जवळ, बाहेरच्यांना दुसरा कुठला तरी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या माणसानं गोल वर्तुळ काढलं नाही, पायाखालचा रस्ता मोजला.

नागपूरला यासाठी दूर जायची गरज नाही. उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, १९८८ पासून इथेच व्हीएनआयटीच्या आवारात आहे. इस्रोचं मध्य विभागाचं सुदूर संवेदन केंद्रही अमरावती रोडवर. क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्यांचा नकाशा खुला आहे, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थांना नकाशे तयार करायला पूर्वीसारखी परवानग्यांची साखळी ओलांडावी लागत नाही. शिवाय नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यातच वस्त्यांचं आणि केंद्रांचं नकाशाकरण करा असं म्हटलेलं आहे. म्हणजे ही कुणा हौशी माणसाची कल्पना नाही. सरकारी कागदात ती पहिल्यापासून आहे.

## वर्तुळ फसवतं

सादरीकरणांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे केंद्राभोवती कंपासनं काढावं तसं वर्तुळ. आतले सगळे 'जवळचे', बाहेरचे 'लांबचे'. पक्ष्यांसाठी हे ठीक आहे.

नागपुरातून दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही मोठे लोहमार्ग जातात. रुळांनी शहराच्या फाकी केल्या आहेत. अजनीच्या यार्डाच्या एका बाजूचा दवाखाना दुसऱ्या बाजूच्या माणसाला डोळ्यांनी दिसेल, पण पोहोचायला पूल किंवा अंडरपास शोधावा लागेल. इतवारी–कळमना बाजूला हेच. अंबाझरीतून येणारी नाग नदी आणि उत्तरेची पिवळी नदी यांचं तसंच: पूल जिथे, जवळीक तिथे. त्यात लष्कराच्या जागा, विमानतळाची हद्द, मोठ्या संस्थांच्या भिंती आल्या.

आणि लेआउट. गुंठेवारीतले, म्हणजे परवानगीवाचून शेतं पाडून विकलेले, ५७२ आणि १९०० लेआउट हे आकडे नागपूरकराला तोंडपाठ असतात. एका मालकानं आपलं शेत पाडून प्लॉट विकले, शेजारच्यानं आपलं, आणि दोघांचे रस्ते एकमेकांना भेटलेच नाहीत. गल्ली भिंतीशी संपते, भिंतीपलीकडे दुसरी गल्ली सुरू होते. सरळ सुटसुटीत रस्ते असले तरी सरळ रेषेतला एक किलोमीटर पायाखाली सव्वा-दीड होतोच. अशा लेआउटमध्ये तो दुप्पटही होऊ शकतो.

म्हणून नीट केलेल्या नकाशात केंद्रापासून रस्त्या-रस्त्यानं पंधरा मिनिटं चालून कुठवर जाता येतं ते आखतात. जो आकार तयार होतो तो गोल नसतो. हातापायांसारखा पसरतो, रुळांपाशी कापला जातो. त्यातही कोण चालतंय हे ठरवावं लागतं. धडधाकट माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. आठव्या महिन्यातली बाई किंवा गुडघे धरलेली आजी तीनही चालत नाही. आणि नागपूरचा मे? २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हात पंधरा मिनिटं म्हणजे डिसेंबरातली पंधरा मिनिटं नव्हेत. सावली असलेले रस्ते हाही एक थर होऊ शकतो, आणि माझ्या मते नागपुरात तो असायलाच हवा.

पाऊसही आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीच्या पुरानं काय केलं ते शहर विसरलेलं नाही. नरेंद्रनगरचा अंडरपास तर दर पावसाळ्यात तुंबण्यासाठी प्रसिद्ध. ज्या दवाखान्याकडे जायचा एकच रस्ता अंडरपासातून जातो, तो ताप-डेंग्यूच्या हंगामातच तुटतो.

## जवळ आहे, पण रांग केवढी?

समजा, वस्तीत दोन सार्वजनिक नळ आहेत. माझ्या घरापासून नळ वीस पावलांवर, पण त्यावर साठ घरं. तुमच्या घरापासून नळ चाळीस पावलांवर, पण त्यावर दहा घरं. पाणी कुणाला सोपं? पावलं मोजून हे कळत नाही, नळामागची घरं मोजावी लागतात.

दवाखान्यासाठी हे मोजणं दोन टप्प्यांत होतं. आधी प्रत्येक केंद्राकडे वळून पाहायचं: याच्या पंधरा मिनिटांत किती माणसं राहतात आणि इथे डॉक्टर किती? मग प्रत्येक वस्तीकडे वळून पाहायचं: हिच्या पंधरा मिनिटांत कोणकोणती केंद्रं आहेत? त्यांच्या वाट्यांची बेरीज म्हणजे त्या वस्तीची पोहोच.

आकड्यांत करून पाहू, आकडे केवळ उदाहरणाचे. पहिल्या केंद्रात एक डॉक्टर, पंधरा मिनिटांत ३०,००० माणसं, म्हणजे लाखामागे ३.३३ डॉक्टर. दुसऱ्या केंद्रात एक डॉक्टर, ६०,००० माणसं, म्हणजे लाखामागे १.६७. जी वस्ती दोघांच्या मध्ये आहे तिला दोन्ही मिळतात, लाखामागे ५. जी फक्त दुसऱ्याच्या टप्प्यात आहे तिला १.६७. दोन्ही वस्त्या अहवालात 'पंधरा मिनिटांच्या आत' म्हणून हिरव्याच रंगतील. प्रत्यक्षात फरक तिपटीचा आहे.

## संध्याकाळी सातचा नकाशा

दवाखाना बंद असेल तर त्याचं अंतर अनंत. नागरी आरोग्य अभियानानं बाह्यरुग्ण विभागासाठी दुपारी १२ ते रात्री ८ अशी वेळ सुचवली होती आणि 'आपला दवाखाना' दुपारी २ ते रात्री १० असा ठरला, यामागे हेच कारण आहे. कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी दहाला रांगेत उभी राहिली की त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून एकच नकाशा पुरत नाही. सकाळी अकराचा वेगळा, संध्याकाळी सातचा वेगळा, रविवारचा आणखी वेगळा.

## 'जवळ' म्हणजे कुणाला जवळ?

ही या विषयातली सगळ्यात अवघड जागा. इथे संगणक गप्प बसतो.

एका सरळ रस्त्यावर तीन वस्त्या धरा. पहिलीत २०,००० माणसं. एक किलोमीटरवर दुसरी, ५,००० ची. आणि पहिलीपासून चार किलोमीटरवर तिसरी, ३,००० ची. एकच केंद्र बांधायचं आहे.

सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी व्हावं असं म्हटलं, तर केंद्र पहिल्या वस्तीत येतं. सरासरी अंतर जेमतेम ६०० मीटर. पण तिसऱ्या वस्तीला चार किलोमीटर.

सगळ्यात लांबच्या माणसाचं अंतर कमीत कमी व्हावं असं म्हटलं, तर केंद्र मधोमध, दोन किलोमीटरवर येतं. आता कुणालाच दोनपेक्षा जास्त चालावं लागत नाही. पण सरासरी १.८ किलोमीटरवर जाते आणि वीस हजार माणसं म्हणतात की आमच्या वस्तीत का नाही.

तिसरी रीत: एक किलोमीटरच्या आत जास्तीत जास्त माणसं बसवायची. मग केंद्र पहिल्या-दुसऱ्या वस्तीच्या पट्ट्यात कुठेही चालेल, २५,००० झाकले जातात. तिसरी वस्ती हिशेबातूनच बाहेर. ती चार किलोमीटरवर आहे की चाळीस, या रीतीला फरक पडत नाही.

तिन्ही उत्तरं गणितानं बरोबर आहेत. कुठलं घ्यायचं हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या एका खटक्यात लपून राहता कामा नये. माझं मत विचाराल तर लसीकरण आणि गरोदरपणाच्या तपासणीसाठी शेवटच्या माणसाचं अंतर पाहावं, कारण तिथे एक हेलपाटा चुकला की मूल सुटतं. साध्या सर्दी-तापासाठी सरासरी चालेल. यावर मतभेद होतील, व्हावेतही, पण निर्णय कुठल्या रीतीनं घेतला ते फलकावर नाही तरी ठरावात लिहिलेलं असावं.

माणसं मोजताना सगळी सारखी मोजायची का, हा त्याच्याच पोटातला प्रश्न. अभियानाच्या आराखड्यात केंद्र झोपडपट्टीत किंवा तिच्याजवळ असावं असं सांगितलं आहे. म्हणजे ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याचं वजन जास्त, हे धोरणानं आधीच मान्य केलेलं आहे. नकाशात ते वजन घालायचं राहून जातं, कारण 'सगळे समान' म्हणणं सोपं असतं.

## मेडिकल, मेयो, डागा असताना हे कशाला?

हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो वेडगळ नाही. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा अशी सरकारी मोठी रुग्णालयं खरोखरच आहेत. मिहानमध्ये एम्सही झालं. रामदासपेठ-धंतोलीत तर पाटीला पाटी लागून खासगी दवाखाने आहेत, छिंदवाडा-बालाघाटपासून माणसं तिथे येतात.

पण मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, हे मोठ्या आजारांसाठी आहे. रक्तदाबाची महिन्याची गोळी आणायला तिथे जाणारा माणूस दोन गोष्टी करतो: स्वतःचा दिवस घालवतो आणि गंभीर रुग्णाची रांग वाढवतो. काही महिन्यांनी तो गोळीच सोडतो. मग खरोखरच मेडिकलला जायची पाळी येते, स्ट्रेचरवरून.

आणि खासगी दवाखाने जिथे गर्दी करतात तिथे ते का करतात याचं उत्तर १९७१ साली ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरनं लिहून ठेवलं आहे: चांगली आरोग्यसेवा गरजेच्या उलट प्रमाणात मिळते, आणि बाजाराचा जोर जितका जास्त तितकं हे जास्त. नकाशावर धंतोली गच्च भरलेली दिसली म्हणून भांडेवाडीचा माणूस झाकला गेला असं होत नाही. खासगी दवाखान्यांचा थर जरूर घ्यावा, पण तो वेगळ्या रंगात.

फिरते दवाखाने आणि फोनवरचा सल्ला? दोन्ही उपयोगी. लस मात्र फोनवरून टोचता येत नाही, आणि गाडी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी काय, हे विचारावं लागतं.

## नकाशात आमची वस्तीच नाही

शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. त्यातल्या काही १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित, काही अघोषित. अघोषित वस्ती अनेकदा सरकारी थरात दिसतच नाही, आणि जी दिसत नाही तिथे लोकसंख्या शून्य धरली जाते. उपग्रहाला पत्रे दिसतात, पण एका पत्र्याखाली चार माणसं की चौदा, हे त्याला कळत नाही.

पत्त्यांची गंमत वेगळी. 'हनुमान मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ' हा पत्ता पोस्टमनला पुरतो, संगणकाला नाही. रुग्णांच्या नोंदवहीतून नकाशा करायला बसलं की असे पत्ते गळतात, आणि ते बहुतेक गरिबांचेच असतात. नकाशा सुबक दिसतो आणि चुकीचा असतो. उपाय तंत्रज्ञानात कमी आणि आशाताईंत जास्त आहे. आपली दोनशे-पाचशे घरं त्यांना दारागणिक माहीत असतात. कागदावर त्यांनी काढलेली वस्तीची आकृती जीआयएसमध्ये उतरवणं हे काही दिवसांचं काम आहे, फक्त त्या कामाचे पैसे त्यांना मिळायला हवेत. 'जरा माहिती भरून द्या' असं म्हणून ते कामांच्या ढिगावर टाकू नये.

लोकांची भीती दुसरीच असते: नकाशात आलो तर अतिक्रमणवाले येतील. भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून आरोग्यासाठी जमवलेला नकाशा आरोग्यापुरताच राहील याचा लेखी बंदोबस्त आधी हवा. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचं घर टिंब म्हणून दाखवणं तर गुन्ह्यासारखंच आहे. नियोजनाला घर कळायची गरज नसते, शे-दोनशे घरांच्या गटाचा एकत्र आकडा पुरतो.

## शेवटी नगरसेवकच ठरवणार ना?

ठरवू दे. निवडून आलेल्या माणसानं ठरवू नये असं कोण म्हणतं? फरक इतकाच पडतो की पर्याय उघड्यावर येतात. समजा एका प्रभागात चार जागा शक्य आहेत: एक समाजभवन, एक बंद पडलेली महापालिकेची शाळा, विकास आराखड्यातली एक आरक्षित जागा, एक भाड्याची इमारत. प्रत्येक जागेपुढे आकडा लिहिता येतो, पंधरा मिनिटांत नव्यानं किती माणसं येतात, त्यात झोपडपट्टीतली किती, रूळ ओलांडावे लागणारी किती. मग कुणी कमी आकड्याची जागा निवडली तर निवडो, कारण सांगावं लागेल. हा तक्ता माहिती अधिकारातही मागता येतो, मुळात तो तयार झालेला असेल तर.

## कधी कधी दवाखाना लागतच नाही

नकाशा नीट केला की एक अनपेक्षित गोष्ट पुढे येते. काही ठिकाणी नव्या केंद्रावाचूनही पोहोच वाढते. दोन लेआउटांमधली भिंत दहा फूट उघडली की भिंतीपलीकडची दोनशे घरं टप्प्यात येतात. गर्दीच्या केंद्रात दुसरा डॉक्टर दिला की शेजारच्या केंद्राचीही रांग कमी होते. 'आपली बस' या शहर बससेवेचा एक थांबा केंद्राच्या दाराशी सरकवला, रुळांवर एक पादचारी पूल झाला, संध्याकाळची पाळी सुरू झाली, तर नकाशावरचा आकार लगेच फुगतो, आणि प्रत्येक पर्यायानं किती फुगतो ते पैसे खर्च करण्याआधी मोजता येतं. अडचण एवढीच की भिंत नगररचनेकडे, बस परिवहनकडे, पूल रेल्वेकडे आणि डॉक्टर आरोग्य विभागाकडे. हे चारही थर ज्या एका टेबलावर एकत्र ठेवायचे, ते टेबल आधी कुणाच्या तरी नावावर करावं लागेल.